काखेतली शिवण

बाळ यायच्या आधी काही शिवू नये, असं सासूबाईंनी कॉलिंग कार्डाची मिनिटं संपेस्तोवर बजावलं होतं. तरी निशिगंधाने त्यांच्याच जुन्या, मऊ साडीची सहा झबली शिवली. बाळ जन्मलं ते रडलंच नाही. झबली कोरीच राहिली.

स्टुटगार्टमध्ये श्पेरम्युलच्या दिवशी लोक नकोसं सामान फुटपाथवर काढून ठेवतात. त्यातून तिने एका कपाटाचा सुटा खण उचलून आणला, साडीच्या उरलेल्या तुकड्याने आतून मढवला, भिंतीवर टांगला आणि त्यात झबली रचली.

दुसऱ्या दिवसापासून रोज एक झबलं ओलं निघू लागलं. त्याला दुधाचा आंबूस वास यायचा. ती ते धुऊन हीटरवर वाळवायची, पुन्हा घडी घालायची.

"भिंतीला ओल असेल," तिचा नवरा, गौरांग, म्हणायचा.

आठ महिन्यांनी पुन्हा श्पेरम्युल आलं. गौरांगने खण खाली उतरवला. "पुरे झालं आता, निशी."

तिने सहाही झबली त्याच्यापुढे पसरली. प्रत्येकाची शिवण दोन्ही काखांत उसवली होती.

गौरांग बराच वेळ ती चाचपत राहिला. मग त्याने खण परत खिळ्याला अडकवला.

"कापड उरलंय का गं?" त्याने विचारलं. "मोठी लागतील."