तीस वर्षं उभ्याने

आमदार असताना मी एकच धड काम केलं. दुकानांत दिवसभर उभं राहणाऱ्या बायकांना बसायला स्टूल द्यायलाच हवं, असा कायदा करून घेतला. तीस वर्षं कापडाच्या दुकानात उभं राहून माझ्या आईच्या पायांवर दोरखंडासारख्या शिरा उठल्यात, हे मी भर सभागृहात सांगितलं होतं. विरोधकांनीसुद्धा बाकं वाजवली होती.

पुढे निवडणुकीत आपटलो आणि दुकानदारांच्या संघटनेने मला त्यांची बाजू मांडायला पगारावर ठेवून घेतलं. आज तोच स्टुलाचा कायदा रद्द करा, असं सांगायला समितीपुढे गेलो होतो. माझे मुद्दे संपले, पण जिभेला कुठे हाड असतं?

"अहो, माझी आई तीस वर्षं उभी होती. काय झालं तिला? अजून ठणठणीत आहे!"

सगळे हसले. अध्यक्षांनी मान डोलावली.

संध्याकाळी घरी आलो, तर टीव्हीवर बातम्यांत माझं तेच बोलणं चाललं होतं. रोज या वेळी पाय उशीवर ठेवून बसणारी आई आज भिंतीला धरून उभी होती.

"अगं, बस ना. पाय बघ किती सुजलेत," मी म्हणालो.



"नको रे. चार लोकांत सांगून आलायस. तुझा शब्द खोटा पडायला नको."