उच्चाराचं बक्षीस

"बाबा, नुसती मान हलवा. बोलू नका," शाळेच्या फाटकापाशी मॅव्हिसनं पुन्हा बजावलं.

"अगं, सराव केलाय मी." क्लिफर्डनं खिशातलं रबर काढून दोन बोटांत ताणलं. "ग्राऽस. बघ! तुझ्या त्या पेनिंग्टनबाई शिकवतात तस्संच."

रबराची युक्ती बाईंचीच. स्वर लांबला की मुलींनी रबर ताणायचं, आखूड असला की सैल सोडायचं. यॉर्कशरच्या आमच्या गल्ल्यांत गवताला ग्रॅस म्हणतात आणि टबाला बॅथ. मोठ्या शाळेत गेलं की त्याचंच ग्रास होतं, बाथ होतं. पुढं जायचं तर ताणावंच लागतं. मॅव्हिसनं इतकं मन लावून ताणलं, की आज उच्चाराचं बक्षीस तिलाच होतं.

समारंभ आटोपला. चहाच्या वेळी मुख्याध्यापिका समोर आल्या. क्लिफर्डचा हात खिशात गेला.

"तुमच्या आवारातलं ग्रास फार छान राखलंय, मॅडम."

अगदी बिनचूक. मॅव्हिसचा जीव भांड्यात पडला.

"थँक यू. आणि आपण कुठं असता, मिस्टर हॅटर्स्ली?"

"गास वर्क्समध्ये. भट्टीवर."

आता काय बोलायचं! गॅस तेवढा सगळीकडे गॅसच. राजवाड्यातसुद्धा तो कुणी ताणत नाही. पण हे त्या बिचाऱ्याला सांगणार कोण? पेनिंग्टनबाईंनी घाईघाईनं सँडविच तोंडात कोंबलं. आजूबाजूच्या दोनतीन बायांच्या हॅट थरथरल्या. त्या बायांनी निदान हसू दाबलं तरी. खळखळून हसली ती मॅव्हिस, सगळ्यांच्या आधी.

क्लिफर्डही हसला, कशाला ते न कळताच. मग कळलं. त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि टोपी शोधू लागला.

बसमध्ये मॅव्हिस बक्षिसाचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसली.

"बाबा, मी मुद्दाम नाही..."

"असू दे."

कंडक्टर नवखा होता. "कुठं उतरणार?"

त्यांचं घर त्या गॅसच्या कारखान्यापाशी, गॅस वर्क्सच्या स्टॉपलाच. क्लिफर्डनं तोंड उघडलं. शब्द ओठांशी आला आणि तिथंच अडला. आयुष्यभर दिवसातून दहादा उच्चारलेला शब्द, पण आता तो आखूड की लांब, त्याचं त्यालाच कळेना. मेलं ते रबर! त्यानं तोंड मिटून घेतलं आणि लेकीकडे बोट केलं.

"हिला विचारा. बोलायचं बक्षीस मिळालंय हिला."

मॅव्हिसनं मान खाली घातली. ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल की गं, पोरी," कंडक्टर म्हणाला. "बक्षीस मिळालंय ना तुला?"