रेकॉर्डवर आहे तसं

जॅझ जपायला हवं म्हणून संग्रहालयाने काचेची एक खोली बांधली आणि जुन्या बँडमधला एकटाच मागे उरलेला सॅक्सोफोनवाला म्हातारा तिथे नोकरीला ठेवला. रोज चार वाजता त्याने आपली गाजलेली रेकॉर्ड सॅक्सोफोनवर जशीच्या तशी वाजवायची.

आज त्याला राहवलं नाही. मधल्या भागात बोटं जातील तिकडे त्याने जाऊ दिली. काचेबाहेर कुणीतरी पायाने ठेकाही धरला.

वाजवून होतंय तोच संचालिकाबाई तरातरा आत आल्या. "काका, मध्येच भलतंच काय वाजवलंत? रेकॉर्डवर तसं नाहीये."

"अहो, तेव्हाही मनाला येईल तेच वाजवलं होतं."

"म्हणूनच तर ते जपायचंय! रेकॉर्डवर त्या मधल्या भागात काय जागा घेतलीय तुम्ही, अंगावर काटा येतो. उद्यापासून तेवढं सांभाळा." जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

म्हातारा ती जागा घोटायला बसला. रेकॉर्डिंगच्या दिवशी नेमका तिथेच तो पुढचं साफ विसरला होता आणि वेळ मारून न्यायला सुचेल ते वाजवत सुटला होता.

आता ते विसरणं रोज चार वाजता बिनचूक वाजवायचं होतं.