उघडं शटर

"एवढं गाव पडलंय, पण चिमणीला बाळंतपणाला आमचंच शटर सापडलं!" किल्लीवाला किल्लीवर कानस घासता घासता पुटपुटला. कुरकुरण्यात दम नव्हता. डबा घेऊन आलेल्या बायकोला ते पायरीवरूनच कळलं.

घरटं होतं शटरच्या गुंडाळीवर. शटर ओढलं की पिल्लं चिरडणार. त्यामुळे गावभरच्या कुलपांना किल्ल्या करून देणाऱ्याला स्वतःचं दुकान बंद करता येईना. झोपायचासुद्धा तिथेच. गिऱ्हाइकं म्हणत, देवमाणूस हो!

देवमाणसाची आई घरी अंथरुणाला खिळलेली. तिला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं बायकोकडे.

"नरसुद्धा भरवतो बरं का पिल्लांना," ती वर बघत म्हणाली.

त्याने मान आणखी खाली घातली.

बाकीची उडून गेली होती, आता एकच पिल्लू उरलं होतं. चोचीच्या कडा अजून पिवळ्या, आवाज मात्र अंगापेक्षा मोठा. चिमणी अळी घेऊन आली, पण आत शिरेना. समोरच्या तारेवर बसून नुसती दाखवत राहिली. पिल्लू ओरडत ओरडत कडेला आलं, डगमगलं, मागे सरलं, पुन्हा आलं. आणि एकदम अंग झोकून दिलं. पडता पडता सावरलं, कसंबसं तार गाठलं. तेव्हा कुठे घास मिळाला.

कानस थांबली.

"येतील परत संध्याकाळी," तो घाईघाईने म्हणाला. "राहू दे शटर दोन-चार दिवस."

"एकदा उडाली की नाही येत."

तिने स्टुलावर चढून पाहिलं. काड्या, कापूस, एक पीस. खाली उतरून तिने कोपऱ्यातली शटर ओढायची आकडी त्याच्या हातात दिली. त्याने ती शटरला अडकवली आणि तसाच उभा राहिला.

"आईजवळ कोण आहे?"

"शेजारच्या काकू. तासाभराच्या बोलीवर."

"मग?"

"तास केव्हाच होऊन गेला."

त्याने सुस्कारा सोडला. "चल तर."

ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. डब्याची कडी उगाच काढली, उगाच लावली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मलासुद्धा घरी जायचं नाहीये."