नवसाची चप्पल

आमच्या पक्षाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक, निवडून येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असं मी देवीपुढं बोलले होते. भर मे महिन्यात आमच्या रुआबांधा वस्तीच्या डांबरी रस्त्यांवरून अनवाणी प्रचार केला. तळपाय फोडांनी भरले, पण हेमराजभाऊ निवडून आले.

निकालानंतर भाऊ मिरवणुकीनं आमच्या दारी आले. हातात माझ्यासाठी नवी कोरी चप्पल होती आणि गळ्यात ज्यांना आम्ही हरवलं, त्यांच्याच पक्षाचा दुपट्टा.

"भाऊ, हे काय घालून राहिले तुमी गळ्यात?"

"विकासासाठी करा लागते, काकू. आपल्या जुन्या पक्षात आता काय ठेवलं हाय?"

"मंग मी कोणासाठी चालली?"

"माह्यासाठीच ना! अन् मी तर निवडून आलोच. नवस फिटला तुमचा. घाला आता. अरे, व्हिडिओ काढा रे काकूचा!"

कॅमेऱ्याकडे बघत, हसत भाऊ वाकले आणि चप्पल माझ्या पायांशी ठेवली.

मी कधी कोणावर आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.



चप्पल हातात घेतली, तेव्हा भाऊ अजून वाकलेलेच होते.