विमानाची काच

२००६ साली पुण्याहून चेन्नईला बदली झाल्यावर रत्नाकरला प्लास्टिकची छोटी विमानं जोडायचा नाद लागला. एकदा धूळ पुसताना एका विमानाची पारदर्शक काच निखळली. तो ऑफिसातून यायच्या आत त्याच्या बायकोने, विद्युलताने ती झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली, आणि बघता बघता काच पांढुरकी पडली.

"काचेला साधा पांढरा गोंद लावतात, किती वेळा सांगायचं?" म्हणत त्याने लोखंडी पट्टी तिच्या तोंडावर हाणली. भुवई फाटली. रक्त थांबेना, तेव्हा घाबरून तोच तिला नुंगंबाक्कमच्या दवाखान्यात घेऊन गेला.

"कसं लागलं?" डॉक्टर सीतालक्ष्मींनी इंग्रजीत विचारलं.

"बाथरूममध्ये पडली," तोही इंग्रजीत म्हणाला. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून हसत हसत मराठीत बोलला, "तोंड उघडलंस तर घरी नेऊन दुसरी भुवईही फोडीन."

विद्युलताने मान खाली घातली. डॉक्टरांनी शांतपणे टाके घातले आणि तमिळमध्ये कुणाला तरी फोन केला. रत्नाकरला त्यातलं अवाक्षर कळलं नाही.



फोन ठेवून त्यांनी विद्युलताचा हात हातात घेतला. "भिऊ नको अक्का, पोलीस येतायत. मी तंजावरची मराठीच आहे."