फक्त शास्त्र

लग्नाच्या बैठकीत मुलीचे कॅथलिक वडील आणि मुलाचे प्रोटेस्टंट वडील हमरीतुमरीवर आले. "जपमाळ, मेणबत्त्या, संतांच्या मूर्ती, यातलं एक तरी बायबलमध्ये दाखवा," मुलाचे वडील म्हणाले. "तुम्ही कॅथलिक मानता त्या परंपरा म्हणजे माणसांनी मागून घुसडलेल्या गोष्टी. आमच्या घरात फक्त शास्त्र चालतं." जमलेलं लग्न मोडू नये म्हणून मुलीच्या वडिलांनी शेवटी तोंड मिटलं.

तारीख ठरली. उठता उठता मुलाचे वडील सहज म्हणाले, "आणि हो, लग्नानंतर सूनबाई नोकरी सोडेल."

"हे कुठल्या अध्यायात आहे?" मुलीने विचारलं.

"त्याला अध्याय कशाला हवा? आमच्या घराण्यात पहिल्यापासून असंच चालत आलंय."

 

मुलगी वडिलांकडे वळली. "बाबा, उगाच भांडलात. हे तर आपल्यातलेच निघाले."